चेन-चेकर: घाटात चालणाऱ्या सायकलीसाठी एक पोलादी पट्टी

गेल्या पावसाळ्यानंतर मी सायकलला नवी चेन बसवली आणि दुसऱ्याच सकाळी साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात उभे राहून पेडल मारताना ती दातांवरून सटकली. गुडघा जोरात हँडलवर आदळला. दोष नव्या चेनचा नव्हता. जुनी चेन मी फार दिवस चालवली होती आणि तिने कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्र्यांच्या संचाच्या, रोजच्या वापरातल्या चक्र्या स्वतःच्या मापाने झिजवून ठेवल्या होत्या. शेवटी कॅसेटही बदलावी लागली. त्यानंतर घेतलेली, चेनची झीज मोजणारी ही पट्टी, म्हणजे चेन-चेकर, आज वर्षभर वापरून झाली आहे.

चेन लांबली असे आपण म्हणतो, पण तिच्या कड्या ताणल्या जात नाहीत. पिना आणि त्या ज्यात फिरतात ती भोके झिजतात, प्रत्येक सांध्यात किंचित फट पडते आणि त्या फटींची बेरीज होते. ०.५ टक्के झीज म्हणजे १२ इंचांत जेमतेम दीड मिलिमीटर, जी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पट्टीचे एक टोक रोलरला, म्हणजे चेनच्या पिनेभोवती फिरणाऱ्या छोट्या नळीला, टेकवायचे आणि दुसरे दोन रोलरांच्या मध्ये सोडायचे. ते सहज खाली बसले, तर चेनची वेळ भरली. ११ किंवा १२ गिअरच्या कॅसेटवर ०.५ टक्के झिजेला, तर ८ ते १० गिअरच्या कॅसेटवर ०.७५ टक्के झिजेला चेन बदलावी. झीज १ टक्क्यापर्यंत गेली, की बहुधा कॅसेटही हातची जाते.

मोजण्याआधी चेन पुसून घ्यावी, कारण कासच्या रस्त्यावरचा लाल चिखल रोलरांत अडकला असेल, तर टोक नीट बसत नाही. तीन-चार ठिकाणी मोजावे, हेही अनुभवाने सांगतो.

एक उणीव मात्र खरी आहे. ही पट्टी दोन्ही टोकांचे रोलर विरुद्ध दिशांना ढकलते, त्यामुळे रोलरांची स्वतःची ढिलाईही मापात धरली जाते आणि झीज थोडी जास्त दिसते. शंका आली, की मी पोलादी फूटपट्टी घेतो, शून्याची रेघ एका पिनेच्या मध्यावर धरतो आणि १२ इंचांवरची पिन पाहतो. ती एक सोळांश इंच पुढे सरकली असेल, तर झीज ०.५ टक्क्यांच्या आसपास असते. कॅसेटबद्दल मात्र पट्टी काहीच सांगत नाही. तिथे नवी चेन चढवून चढावर जोर लावून पाहणे, हीच परीक्षा. आणि ती घाटात नव्हे, घराजवळच्या एखाद्या छोट्या चढावर घ्यावी.