पित्तासाठी सकाळची गोळी की रात्रीची?

छातीतल्या जळजळीवर औषध घ्यायचे असे ठरले की निवड प्रामुख्याने तीन प्रकारांत करावी लागते: पोटात आधीच तयार झालेले आम्ल निष्प्रभ करणारी पातळ औषधे आणि चघळायच्या गोळ्या, आम्ल कमी तयार व्हावे म्हणून घ्यायची फॅमोटिडीन, आणि आम्लनिर्मितीला सर्वांत जोरात लगाम घालणारी ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल. हे तिन्ही प्रकार मी गेल्या काही वर्षांत घेऊन पाहिले आहेत. माझा त्रास मुख्यतः रात्रीचा, उशिरा जेवून आडवे झाल्यावर घशाशी येणाऱ्या आंबट पाण्याचा असल्यामुळे माझे मत त्या बाजूला झुकलेले असणार, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

पातळ अँटासिडसारखा तत्काळ उतारा दुसरा नाही. पण तो टिकत नाही. अकराला घेतलेल्या दोन चमच्यांचा असर दीडच्या सुमारास संपून मी पुन्हा उठून बसत असे. शिवाय त्यातल्या मॅग्नेशियमने पोट सैल होते आणि ॲल्युमिनियमने बद्धकोष्ठ होते. दोन्ही एकत्र असली तरी तोल प्रत्येकाच्या पोटात सारखाच साधेल असे नाही. पाण्यात फसफसणाऱ्या चूर्णांत सोडियम बरेच असते, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी ती जपूनच घ्यावीत.

पॅन्टोप्राझोलच्या ताकदीबद्दल मला शंका नाही. अन्ननलिकेला जखमा झाल्या असतील किंवा रोजच जळजळ होत असेल, तर डॉक्टर बहुधा हाच प्रकार देतील आणि ते योग्यच आहे. मला खटकली ती तिची वेळ. जठरातले आम्लाचे पंप जेवणाने जागे होतात आणि ही गोळी जाग्या पंपांनाच बंद करू शकते. म्हणून ती न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी, रिकाम्या पोटी घ्यावी लागते. ज्या घरात पहाटे साडेपाचला चहाचे आधण चढते, तिथे हा अर्धा तास फार लांब असतो. मी कधी चहानंतर गोळी घेत असे, कधी विसरत असे, आणि मग ‘गोळी लागू पडत नाही’ अशी तक्रार करत असे. खरे तर नीट घेतली तरी पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे आज रात्री त्रास झाला म्हणून आजच घेण्यासारखे हे औषध नव्हे. दोन महिन्यांनी ती एकदम थांबवली तेव्हा आधीपेक्षा जास्त जळजळ झाली. दाबलेले आम्ल काही दिवस असे उसळू शकते, हे मला नंतर समजले.

फॅमोटिडीनचा गुण मला तासाभरात येतो आणि रात्र निघून जाते. जेवणाआधी की नंतर, हा प्रश्नही फारसा उरत नाही. याच कुळातली रॅनिटिडीन अनेकांच्या घरात असे. तिच्यात एनडीएमए हा कर्करोगाशी संबंध जोडला जाणारा घटक आढळल्यावर अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ती बाजारातून मागे घ्यायला लावली आणि भारताने २०२२ साली तिला अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळले. फॅमोटिडीन मात्र त्या वादात सापडली नाही. तिची मर्यादा वेगळी आहे: रोज घेतल्यास एक-दोन आठवड्यांत शरीर तिला सरावते आणि गुण कमी होतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्राही कमी करावी लागते.

गिळताना अडकणे, काळी शौचास होणे, विनाकारण वजन घटणे यांपैकी काही असेल तर यातले काहीही स्वतःहून न निवडता आधी तपासणी करून घ्यावी. छातीतले दुखणे हातात किंवा जबड्यात जात असेल, सोबत घाम येत असेल, तर ते पित्त समजून घरी थांबू नये. तसे काही नसेल, त्रास आठवड्यातून एक-दोनदाच आणि तोही रात्रीचा असेल, तर मी फॅमोटिडीनकडेच वळेन. माझ्या उशाशी सध्या तिचीच पट्टी असते, आणि पातळ औषधाची बाटली फक्त लग्नाच्या पंगतीनंतर बाहेर निघते.