बाल्कनीचे पैसे, बिनखिडकीची केबिन

परवा शेजारच्या सोसायटीतल्या एका ताईंनी मला व्हॉट्सॲपवर आलेली एक जाहिरात दाखवली. उत्तर युरोपची क्रूझ, ७ रात्री, बाल्कनी केबिन, सहली आणि टिप्स धरून. खाली पांढऱ्या कठड्याच्या बाल्कनीत दोन खुर्च्यांचा फोटो. हाच फोटो आम्हाला जानेवारी २०२४ मध्ये आला होता आणि पाठवणारा माणूसही हाच. त्या ताई दुसऱ्या दिवशी ५० हजारांचं टोकन भरणार होत्या. त्यांना थांबवलं आणि मग ठरवलं, सगळं सविस्तर लिहायचंच.

माझे बाबा बीपीटीत, म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्टमध्ये, टॅली क्लार्क होते. चौतीस वर्षं मुंबईच्या गोदीत उभं राहून त्यांनी जहाजातून उतरणारा माल मोजला. बोटींची नावं, झेंडे, कुठून आली, कधी सुटली, सगळं त्यांना पाठ. पण खाडीपलीकडे जाणाऱ्या लाँचशिवाय ते कधी कुठल्या बोटीत बसले नाहीत. त्यांना पंचाहत्तरी लागली तेव्हा मी, नवरा आणि लेकीने ठरवलं की आई-बाबांना घेऊन मोठ्या जहाजाने जायचं. मार्ग होता कोपनहेगन, जर्मनीतलं वार्नम्युंडे, एस्टोनियातलं टॅलिन, हेलसिंकी, स्वीडनमधलं निनेसहाम्न आणि परत कोपनहेगन. पूर्वी अशा सफरींचं मुख्य आकर्षण सेंट पीटर्सबर्ग असायचं, पण २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर जहाजं तिथे जाणं बंद झालं.

एजंट ठाण्यातलाच, ओळखीतून आलेला. बोलायला अतिशय गोड. बाबांना 'काका, सकाळी चहा घेऊन बाल्कनीत बसा, स्टॉकहोमला शिरताना हजारो बेटं समोरून जातील,' असं त्याने दोनदा सांगितलं. बाबांनी ते मनावर घेतलं.

हिशेब असा: क्रूझचं भाडं पाच जणांचं ७,२५,००० रुपये, म्हणजे दोन बाल्कनी केबिन. बर्लिन, टॅलिन आणि स्टॉकहोमच्या सहली १,३५,०००. जहाजावरच्या टिप्स आगाऊ ४६,५००. त्यावर ५ टक्के टीसीएस, म्हणजे एजंटने आपल्याकडून गोळा करून सरकारकडे भरायचा आगाऊ आयकर, ४५,३२५. जीएसटी किमतीतच धरलाय म्हणाला. पैसे आम्ही माझ्या आणि नवऱ्याच्या पॅनवर निम्मे-निम्मे, फेब्रुवारी-मार्चमध्ये भरले. त्यातली अर्धी रक्कम त्याने फर्मच्या खात्यात न घेता बायकोच्या बचत खात्यात घेतली. 'खातं घरचंच आहे,' म्हणाला. तिथेच मी थांबायला हवं होतं.

क्रूझ कंपनीचा बुकिंग नंबर मी तीनदा मागितला. 'ग्रुप बुकिंग आहे, नंबर एकच असतो, चेक-इन मी करून देतो, तुम्ही पासपोर्टच्या कॉपी पाठवा.' हातात मिळालं ते त्याच्या स्वतःच्या लेटरहेडवरचं रंगीत व्हाउचर. व्हिसा मिळाला तेव्हा तर आम्ही निर्धास्तच झालो. व्हिसा देणारे आपली कागदपत्रं, बँकेतली शिल्लक, परतीचं तिकीट बघतात. केबिनला बाल्कनी आहे की नाही, हे ते कशाला बघतील?

निघायच्या तीन दिवस आधी बोर्डिंग पास आले. केबिन नंबरच्या जागी नंबरच नव्हता, इंग्रजी तीन अक्षरं होती: जीटीवाय. मी फोन केला. 'मॅडम, गॅरंटीड. बाल्कनी पक्की!' खरा अर्थ नंतर कळला. जीटीवाय म्हणजे तुम्ही ज्या प्रकारच्या केबिनचे पैसे भरलेत, किमान त्या प्रकारची केबिन नक्की मिळेल, पण कुठली ते कंपनी ठरवेल. सगळा प्रश्न पैसे कुठल्या प्रकारचे भरलेत हाच असतो, आणि त्याचं उत्तर त्या पासवर कुठेही नव्हतं.

कोपनहेगनला ओशनकायच्या टर्मिनलवर जहाज बघून बाबा खाली उभे राहून डेक मोजत होते. आत गेलो, दार उघडलं. दोन पलंग, आरसा आणि समोर भिंत. भिंतीवर पडदा लावलेला, म्हणून आईने तो बाजूला सारला. मागे खिडकी नव्हतीच. आमची केबिनही तशीच. स्वागतकक्षातल्या बाईंनी संगणकात बघून शांतपणे सांगितलं, दोन्ही बुकिंग सर्वात स्वस्त आतल्या केबिनच्या गॅरंटीची आहेत, भाड्याचा आकडा तुमच्या एजंटकडून घ्या, आणि जहाज भरलेलं आहे. पैसे भरून बदलून घ्यायलाही बाल्कनी शिल्लक नव्हती.

दुसऱ्या दिवशी वार्नम्युंडे. व्हाउचरवर लिहिलं होतं: सकाळी ८ वाजता बंदराच्या फाटकाबाहेर बर्लिनची बस. आमच्यासमोर जहाजाच्या स्वतःच्या सहलींच्या बसगाड्या एकामागोमाग एक निघून गेल्या. आई पिशवीत थेपले घेऊन, नऊवारीवर स्वेटर घालून फाटकाशी उभी. साडेआठला, म्हणजे भारतात दुपारी बाराला, एजंटला फोन लागला. 'गाडी ट्रॅफिकमध्ये आहे.' त्यानंतर फोन बंद. व्हाउचरवर स्थानिक माणसाचा म्हणून जो नंबर होता तो त्याचाच दुसरा मोबाइल निघाला. साडेनऊपर्यंत थांबलो. बर्लिन तिथून साधारण तीन तासांवर आहे, हे तोवर आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं. जाहिरातीत बंदर म्हणून सरळ 'बर्लिन' छापलेलं होतं. त्या वेळी निघालो असतो तर जाऊन लगेच परत फिरावं लागलं असतं, आणि स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही.

मग आम्ही गावातच फिरलो. आल्टर श्ट्रोम नावाच्या जुन्या कालव्याच्या कडेने मासळीचे स्टॉल लागलेले असतात. पुढे १८९८ चं दीपगृह आहे. बाबा तिथे बाकावर बसून डेन्मार्क-स्वीडनकडे जाणाऱ्या फेरीबोटींची नावं वहीत लिहीत होते. दिवस वाईट गेला असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसाचे ४५ हजार त्या माणसाने घेतलेले होते.

टॅलिनलाही कुणी आलं नाही. तिथे तर सहलीचे पैसे देण्याचीच गरज नाही. धक्क्यावरून वीस मिनिटं चाललं की 'जाडी मार्गारेट' म्हणतात तो बुरूज येतो आणि तिथून जुनं शहर सुरू होतं.

स्टॉकहोमचं मला सगळ्यात जास्त लागलं. मोठी जहाजं बरेचदा शहरात जातच नाहीत, ६० किलोमीटर दक्षिणेला निनेसहाम्नला थांबतात. म्हणजे ती बेटांमधून तासन् तास जाणारी वाट आमच्या मार्गात मुळात नव्हतीच, बाल्कनी असती तरीही! आम्ही लोकलने तासाभरात शहरात गेलो आणि बाबांना वासा दाखवलं, १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेलं आणि १९६१ मध्ये वर काढलेलं लाकडी जहाज. तिथून ते तीन तास हलले नाहीत.

शेवटच्या रात्री केबिनच्या दारात बिल आलं. पाच जणांच्या सात दिवसांच्या टिप्स, रोज माणशी १६ डॉलरप्रमाणे ५६० डॉलर. आम्ही आगाऊ भरलेले ४६,५०० कंपनीपर्यंत पोचलेच नव्हते.

परत आल्यावर जुलैत रिटर्न भरताना २६एएस, म्हणजे आयकर खात्याकडे आपल्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडला. टीसीएस कापलं की ते आपल्या पॅनवर तिथे दिसतं आणि करातून वजा होतं. आमच्या दोघांच्याही नावावर शून्य. हा आमच्या हाती लागलेला सगळ्यात पक्का पुरावा ठरला, कारण टीसीएस गोळा करून सरकारकडे न भरणं हा आयकर कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे. तोवर 'सीझनमध्ये गोंधळ होतो हो' म्हणणारा एजंट, आम्ही त्याला हे पत्राने कळवल्यावर पहिल्यांदा घरी आला. एक लाख रुपये आणि टीसीएसची रक्कम परत केली. बाकी देणार नाही म्हणाला.

मग ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. आपण राहतो त्या जिल्ह्यातच ती करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि वकील लावायलाच हवा असं नाही. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारा. आयोगासमोर त्याला कंपनीचं मूळ बिल दाखवावं लागलं: पाच जणांचे ४ लाख १८ हजार. आमच्याकडून घेतले ७ लाख २५ हजार. एजंटचं कमिशन कंपनी त्याला वेगळं देते, हे लक्षात घ्या.

तुम्ही बुकिंग करत असाल तर पहिला हप्ता भरला त्याच दिवशी क्रूझ कंपनीचा बुकिंग नंबर मागा. एजंटच्या व्हाउचरचा नंबर नव्हे. तो नंबर आणि आडनाव कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर टाकलं की केबिनचा प्रकार, प्रवाशांची नावं, टिप्स भरल्यात का, बंदर नेमकं कुठलं, सगळं पाच मिनिटांत दिसतं. एजंट कितीही ओळखीचा असो, नंबर देत नसेल तर दुसरा हप्ता भरू नका. पुष्कळ एजंट पैसे न भरता केबिन काही दिवस नुसती धरून ठेवतात आणि त्याचाच कागद 'कन्फर्मेशन' म्हणून पाठवतात, म्हणून आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा बघा. पैसे फर्मच्या खात्यातच द्या. टीसीएसचं प्रमाणपत्र मागून घ्या.

आमची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तक्रारीला बोर्डिंग पास, व्हाउचर, बँकेचे उतारे जोडलेत. बाबांनी त्यांची वहीही द्यायला सांगितली आणि तिची झेरॉक्स आम्ही जोडली. बिनखिडकीच्या खोलीत त्यांना रोज पहाटे जाग यायची आणि वेळ कळायची नाही, म्हणून ते चपला घालून वर उघड्या डेकवर जाऊन बसायचे. टॅली क्लार्कच्या त्याच तिरक्या अक्षरात सातही दिवसांची नोंद आहे. तिसऱ्या दिवशीची अशी: '४.१०. लख्ख उजेड. डावीकडे मालवाहू, झेंडा दिसला नाही. थंडी फार. हिला उठवलं नाही.'