'नाऊ अँड देन' ऐकलं, भांडलो, परत ऐकलं: बीटल्सच्या शेवटच्या गाण्याचा सोलापुरी रिव्ह्यू

आधी रेटिंग सांगून टाकतो म्हणजे घाईवाल्यांना पुढं वाचायला नको. गाण्याला 5 पैकी 4, व्हिडिओला दीड, आणि गाण्याचा गेलेला एक स्टार हा जो तुकडा कापून टाकलाय त्याच्या रागाचा.

2 नोव्हेंबर 2023 ला आपल्या टायमानं संध्याकाळी साडेसातला गाणं आलं. तिकडं लंडनला दुपारचे 2, त्यांचं काय जातंय, इकडं वानखेडेवर लंकेच्या विकेटा पडत होत्या आणि शमी काय ऐकायला तयार नव्हता, टीव्हीसमोरनं उठणार कोण. लंका 55 ला ऑलआऊट झाली मगच मामा म्हणाले, "हां, लाव आता तुझं ते." म्हणजे जगानं ऐकून तासभर झाल्यावर साखर पेठेत गाणं लागलं. ऐकायला चौघं. मी, मामा (बीटल्सचा विषय निघाला की दोन मिनिटात 1968 च्या ऋषिकेशला पोचतात, तेव्हा ते चौघं तिथं आश्रमात राहिले होते, तिथनं परत आणायला अर्धा तास), माझी पुतणी जी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि बीटल्स तिला रील्समधनं कळले, आणि माझा एक मित्र जो गणपतीत ऑर्केस्ट्राला ड्रम वाजवतो आणि एरवी टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो. आई आत चिवड्याचं करत होती, ती ऐकत नव्हती असं आम्हाला वाटत होतं.

ज्यांना भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी. बीटल्स म्हणजे साठच्या दशकातला इंग्लंडचा चौघांचा बँड: जॉन, पॉल, जॉर्ज आणि ड्रमवर रिंगो. जॉन लेननने साधारण 1977 च्या आसपास न्यूयॉर्कच्या डकोटा बिल्डिंगमधल्या आपल्या घरी पियानोवर हे गाणं साध्या कॅसेटवर टेप करून ठेवलं होतं, अर्धंमुर्धं. 1980 च्या डिसेंबरात त्याचा खून झाला. 1994 मध्ये त्याची बायको योको ओनोनं त्याच्या टेपा पॉल मॅकार्टनीला दिल्या, त्यातली दोन गाणी उरलेल्या तिघांनी पुरी करून 1995-96 ला काढली. ह्या तिसऱ्यावर पण बसले होते, पण टेपमध्ये विजेची घुंई एवढी आणि पियानो आवाजाच्या उरावर असा बसलेला की नाद सोडला. जॉर्ज हॅरिसनला तर ते रेकॉर्डिंग पटलंच नव्हतं असं पॉलनंच सांगितलंय. 2001 ला जॉर्जपण गेला. मग सिनेदिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या लोकांनी बीटल्सवरच्या त्या लांबलचक डॉक्युमेंटरीच्या वेळी एकाच टेपमधले आवाज वेगवेगळे काढायची सिस्टिम बनवली, तीच ह्या कॅसेटवर चालवली आणि जॉनचा आवाज पियानोतनं सुटा झाला.

इथं एक सांगतो कारण आमच्याकडंपण पहिला वाद ह्याच्यावरनंच झाला. 2023 च्या जूनमध्ये पॉल एका मुलाखतीत एआय म्हणाला आणि लोकांनी धरून ठेवलं की जॉनचा आवाज कॉम्प्युटरनं बनवलाय. बनवला नाही, निवडलाय. तांदळातले खडे निवडतो तसं. आवाज त्याचाच, श्वास त्याचाच. मामांना हे चार वेळा सांगितलं, पाचव्यांदा ते म्हणाले "मग खडे कुठं गेले?" तेव्हा मला वाटलं थट्टा करतायत, पण ते पुढं येतंय.

गाणं 4 मिनिटं 8 सेकंदाचं. मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, ब्लूटूथच्या डब्यावरपण नको, वायरचा इअरफोन असेल तर काढा कपाटातनं. सुरुवातीला पियानो, मग जॉनचा आवाज इतका जवळ येतो की मी एकदा मागं बघितलं. चाल पडेल आहे, उदास, आणि धृपदाला येताना एकदम उघडते. तिथं जॉनच्या सोबत पॉलपण गातो आणि ही जागा पुतणीनं पकडली, मला लागलीच नव्हती. ती म्हणाली, काका, वरचा आवाज तरुण आहे आणि खालचा म्हातारा आहे ऐका. बरोबर होतं तिचं. जॉन तेव्हा छत्तीस-सदतीसचा आणि पॉल आता ऐंशीच्या पुढं, आणि दोघांच्या वयात खरा फरक दोन वर्षाचासुद्धा नाही. धाकटा म्हातारा होऊन थोरल्याला साथ देतोय. मी गाणं तिथनं मागं घेऊन पाच-सहा वेळा ऐकलं असंल.

ड्रमवाल्याचं लक्ष अर्थातच रिंगोकडं. त्याचं म्हणणं, 83 वर्षाचा माणूस आहे, एक काडी जास्त मारलेली नाही, नुसतं धरून ठेवलंय, हेच अवघड असतंय. आमच्यातला हा एकटाच खरा वाजवणारा, पण त्याला क्लास नाही का मास्तर नाही, घरात माग असलेल्या पोराला ताल वेगळा शिकवावा लागत नाही असं तो म्हणतो आणि ते मला पटतं. व्हायोलिनचा ताफा मात्र त्याला आवडला नाही, "लग्नात जेवण चांगलं असतंय आणि वरनं डीजे कशाला" असं म्हणाला. ते व्हायोलिनवाले लॉस एंजेलिसला रेकॉर्ड केले आणि त्यांना सांगितलंपण नव्हतं की हे बीटल्सचं गाणं आहे. मधली गिटार पॉलनं जॉर्जच्या स्टाईलनं वाजवलीये, आणि जॉर्जनं 1995 ला वाजवलेलंपण आत आहे. मागचं आ-आ-आ काही ठिकाणी साठच्या दशकातल्या त्यांच्याच जुन्या गाण्यांमधनं उचलून लावलंय. थोडक्यात वाकळ आहे, पण टाके दिसत नाहीत.

आता शब्द. खरी मारामारी इथं.

पहिला प्रश्न नावाचा, म्हणजे 'नाऊ अँड देन' तुझी आठवण येते ह्या ओळीचा. पुतणी म्हणते सरळ अर्थ आहे, अधूनमधून. मामा म्हणतात हे अधनंमधनं काय प्रेम झालं का, अधनंमधनं तर मलापण गॅस सिलिंडरची आठवण येती, त्यामुळं इथं अर्थ 'आत्ता' आणि 'तेव्हा' असाच घ्यायचा, दोन काळ, मधली सगळी वर्षं गेली. इंग्रजीत दोन्ही अर्थ एकाच नावात बसलेत, मराठीत आणायचं तर एक सोडावा लागतो, आणि कुठला सोडायचा ह्याच्यावर आम्ही पाऊण तास. शेवटी ड्रमवाल्यानं आत बघून माझ्या वडलांबद्दल, म्हणजे आण्णांबद्दल, ओरडून विचारलं, "काकू, आण्णांची आठवण येती का वो रोज?" आईनं झारा न थांबवता सांगितलं, "रोज कुठली. लाइट बिल आलं की येती." मामा गप्प. अधनंमधनं ह्या शब्दाला एवढं वजन असतंय हे मला त्या दिवशी कळलं.

दुसरा प्रश्न, गाण्यातली 'तू' कोण. सगळे चाहते सरळ दोन पार्ट्यात. एक पार्टी योको, एक पार्टी पॉल. ड्रमवाला पॉलच्या पार्टीत, त्याचं लॉजिक असं की 77 ला जॉन घरीच होता, पोरगं लहान, बायको बाजूच्या खोलीत, तर तिची आठवण काढायचं काय कारण, लांब होता तो पॉल. वर अमेरिकन गायक कार्ल पर्किन्सनं सांगितलेला किस्सा आहेच, की 1981 ला त्याचं एक गाणं ऐकून पॉलला रडू आलं कारण जॉन त्याला शेवटचं असंच काहीतरी बोलला होता, अधनंमधनं आठवण काढत जा म्हणून. पुतणी म्हणाली, बाजूच्या खोलीतल्या माणसाची आठवण येत नाही असं कुणी सांगितलं? ह्यावर ड्रमवाला, ज्याच्या लग्नाला बारा वर्षं झालीत, म्हणाला "काय बोलूलालीस बे" आणि विषय बदलला.

मी स्वतः योकोच्या पार्टीत होतो, आणि होतो म्हणायचं कारण तो कापलेला तुकडा. जॉनची मूळ टेप चाहत्यांच्यात कित्येक वर्षं फिरतीये, ती ऐकली असेल तर माहीतच असेल की धृपदाच्या आधी एक अख्खा भाग होता. त्यात चाल वाकडी वळण घेते आणि तो माणूस घाबरतो, तू हातातनं जाशील, मी तुला त्रास देईन, असलं काहीतरी, आणि पुढचे शब्द त्याला सुचलेलेच नाहीत, नुसतं गुणगुणलंय. नव्या गाण्यात हा भागच नाही. साफ. कडव्यातनं थेट धृपद.

पुतणीचं म्हणणं, बरं झालं, अर्धवट बडबड होती, ती ठेवून काय करणार, पॉलनं शब्द घातले असते तर तुम्हीच बोंब मारली असती. मामा म्हणाले असं कसं, उद्या अभंगातलं चरण गाळशील. तर ती म्हणाली गाळतातच की आजोबा, टीव्हीवरच्या कार्यक्रमात कोण सगळी चरणं म्हणतंय, दोन म्हणतात आणि नाममुद्रेवर येतात. ह्याला मामांकडं उत्तर नव्हतं, मग ते ऋषिकेशला गेले.

पण माझं ऐका. गाणं सुटसुटीत झालंय हे मान्य, रेडिओला बसतंय, इंग्लंडात 10 नोव्हेंबरला एक नंबरलापण गेलं, 1969 नंतर म्हणजे 54 वर्षांनी. पण तो घाबरलेला भाग होता तोपर्यंत हे नवरा-बायकोचं गाणं होतं. मी तुला त्रास देईन ही भीती मित्राला कोण सांगत बसतंय, ती घरातल्या माणसाची भीती आहे. तो भाग काढला आणि जे उरलं ते कुणालाही लागू पडतं, मित्राला, बँडला, तुम्हाआम्हाला. म्हणजे 'तू कोण' हा वाद आपण घालतोय, आणि पॉलनं कात्री लावून निकाल स्वतःच्या बाजूनं देऊन टाकलाय. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. त्याच्या कानाला तसंच ऐकू आलं असणार, आणि मित्र गेल्यावर त्याचं गाणं हातात आलं तर मीपण कदाचित तसंच ऐकलं असतं. पण एक स्टार तिथं गेला तो गेला.

आणि मामांचे खडे. आमच्याकडं एक कॅसेट आहे, आण्णा अभंग म्हणतायत, मामांनीच त्यांच्या टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ-कॅसेट प्लेअरवर टेप केलेली, साठ मिनिटाची. तेव्हा घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये दोन माग होते, त्यामुळं अख्ख्या टेपभर मागाचा खटखटाट, धोटा इकडनं तिकडं, आणि त्याच्यावर आण्णा. गेल्या वर्षी मी ती एका दुकानात मोबाईलवर घ्यायला दिली. दुकानदारानं मोठ्या मनानं, न विचारता, आवाज 'क्लीन' करून दिला. घरी आणून लावलं तर आण्णा आकाशवाणीवर बातम्या दिल्यासारखे, मागं चिडीचूप. आई दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "माग बंद हुता का तवा?" मग म्हणाली, "बंद कसा हुईल, माग बंद असल्यावर हे गायचेच न्हाईत." आण्णा मागाच्या ठेक्यावर गायचे, हे मला तोवर माहीत नव्हतं. ठेका काढला तर ते मधेच थांबतायत, मधेच पळतायत, बेताल वाटतायत.

म्हणून 'नाऊ अँड देन'मध्ये घुंई काढली ह्याचं मला काही नाही, घुंई ही न्यूयॉर्कच्या लाइटची होती, तिचं जॉनशी नातं नव्हतं. पण तो कापलेला भाग घुंईत मोडत नव्हता.

व्हिडिओवर जास्त वेळ घालवत नाही. पीटर जॅक्सननं जुन्या फिल्ममधले तरुण जॉन आणि जॉर्ज कापून आजच्या म्हाताऱ्या पॉल-रिंगोच्या शेजारी उभे केलेत, माकडचाळे करताना. आपल्याकडं फोटो स्टुडिओत स्वर्गवासी आजोबांना कापून लग्नाच्या फॅमिली फोटोत चिकटवतात, आजोबांची सावली एकीकडं आणि बाकीच्यांची दुसरीकडं, तसलं. पुतणीला मात्र शेवटी रडायला आलं हे नोंदवून ठेवतो. त्यापेक्षा गाणं कसं झालं ह्याची 12 मिनिटाची फिल्म आदल्या दिवशी आली होती ती बघा, ती चांगली आहे. आणि रेकॉर्डवर दुसऱ्या बाजूला 1962 चं त्यांचं पहिलं सिंगल दिलंय, पहिलं आणि शेवटचं पाठीला पाठ, हे मला आवडलं, पण घरात पिन बसवायला प्लेअर नाही त्यामुळं ते लांबूनच.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मामा फराळाला आले आणि चिवड्याला हात लावायच्या आधी म्हणाले, ते कापलेलं आहे का तुझ्याकडं, ते लाव. जॉनची जुनी टेप लावली. घुंई, पियानो, गुणगुण सगळं. मामा डोळे मिटून. संपल्यावर म्हणाले, आता आण्णांची लाव, दुकानातली नको, खरी.

खरी वाजवायला टू-इन-वन लागतो. तो माळ्यावरनं काढलाय, बटणं चालतायत, मोटर फिरतीये, पण आतला रबरी बेल्ट सैल पडलाय, आण्णा एकदम खर्जात जातायत. नव्या पेठेत दोन ठिकाणी विचारलं, दोघांनीपण मला असं बघितलं जसं मी बैलगाडीचा स्पेअर पार्ट मागतोय. सोलापुरात कुणाकडं हा बेल्ट मिळत असेल तर सांगा राव, गड्ड्याच्या जत्रेच्या आत पाहिजे, तेव्हा सगळे पाव्हणे येतायत.