पोरीचा कराटे क्लास: बेल्टच्या आधी दार पाहिलं

पोट्टी नऊ वर्षांची. आधीच्या क्लासात स्ट्रेचिंगच्या नावाखाली मोठ्या पोराला तिच्या पाठीवर बसवायचे. आठवडाभर कंबर धरून होती. म्हणून प्रतापनगरकडच्या या क्लासात फी विचारायच्या आधी तासभर दाराशी बसले. बसू दिलं, तिथेच अर्धं काम झालं.

सर पंच दुरुस्त करताना "हात धरू का?" असं विचारतात. मुलींच्या बॅचला बाई असतात. सर मुलांना परस्पर मेसेज करत नाहीत, पालकांचा ग्रुप आहे. भिंतीवर १०९८, मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर, मोठ्या अक्षरांत. २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा) मी मुद्दाम विचारलं, तर गुन्ह्याची शंका आली तरी पोलिसांत कळवावंच लागतं, हे त्यांना माहीत होतं. स्पॅरिंग, म्हणजे जोडीनं सरावाची लढत, वजन पाहून, माउथगार्ड नसेल तर नाहीच. डोक्याला लागलं की त्या दिवशी खेळ बंद, पोर कितीही रडो.

तक्रार एकच. मे महिन्यात पत्र्याखाली साडेपाचची बॅच! अरे बापा, नागपूर आहे हे, पारा ४५ ला टेकतो. दोन कूलर, त्यातला एक नुसता घरघरतो. सगळ्या आयांनी मिळून सांगितलं तेव्हा वेळ सातची केली. कूलर अजून तसाच आहे.