मेढा-केळघर रोडवरचं बिनबोर्डाचं गॅरेज, पावसात गाडी चालवणाऱ्यांनी एकदा जाऊनच या

सातारा-मेढा अपडाऊन करणारे बरेच जण हे वाचतील म्हणून जरा सविस्तरच लिहितोय. मेढ्यातनं केळघरकडं निघालं की डाव्या हाताला एक पत्र्याचं शेड लागतं, बोर्ड नाही, बाहेर जुन्या टायरांची चळत आणि सिमेंटची पाण्याची टाकी, तेच ते. मॅपवर शोधत बसू नका, रोडवर कुणालाही तात्या मिस्त्रींचं गॅरेज म्हणून विचारा, बरोबर सांगतील. माझ्याकडनं पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढं येईलच.

माझं ऑफिस मेढ्यात पण काम सगळं फिल्डवरचं, त्यामुळं जून ते सप्टेंबर रेनकोट अंगावरनं उतरतच नाही म्हणा ना. आपल्याकडं सर्व्हिसिंग म्हणजे ऑइल बदललं, गाडी धुतली, पॉलिश मारलं आणि दिली हातात. उन्हाळ्यात खपून जातं, पण आमच्या जावळी तालुक्याच्या पावसात नाही खपत. हा रोड वर महाबळेश्वरला जातो, तिथं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलै २०२१ मध्ये तर २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला होता, ते दिवस इकडं अजून कुणी विसरलेलं नाही. तसल्या पावसाच्या पायथ्याला रोज गाडी चालवायची तर मिस्त्री पण पाऊस कळणारा लागतो.

तर ब्रेकचं सांगतो, कारण माझी तात्यांशी ओळखच ब्रेकमुळं झाली. त्याच्या आधी साताऱ्यातल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गाडी दिली होती, बिलावर ब्रेक क्लीनिंगचे पैसे लावलेले, तरी पावसात मागचा ब्रेक निम्मा पण लागेना. तात्यांनी आधी गाडी स्टँडला लावून नुसतं चाक हातानं फिरवलं, ब्रेक दाबला, सोडला, परत फिरवलं, मग काही न बोलता चाक उतरवलं. ड्रम उघडला तर आत लाल माती आणि लायनरच्या (ब्रेक दाबल्यावर ड्रमला आतनं घासणाऱ्या पट्ट्यांच्या) भुकटीचा चिकट काला, हे चाक कित्येक दिवसांत कुणी खोललेलंच नव्हतं. लायनर बाहेर काढले, वरनं नुसते गुळगुळीत चकाकत होते. तात्यांनी नखानं खरवडून दाखवलं आणि म्हणाले, "सायेब, लायनर अजून शिल्लक हाय, बदलायचं कारण न्हाय, पण असा चकाकाय लागल्यावर धरणार कसा?" मग पॉलिश पेपरनं दोन्ही लायनर घासले, ड्रम आतनं घासून कोरडा पुसला, आणि तो कॅम असतो ना, ब्रेक दाबल्यावर लायनर फाकवणारा, तो काढून त्याचा गंज घालवला आणि बोटाच्या टोकावर मावेल एवढंच ग्रीस लावलं. जास्त का नाही लावत म्हणून विचारलं तर म्हणाले, जास्त झालं की गरम होऊन लायनरवर उतरतंय, मग ब्रेक गेलाच म्हणून समजा. नवीन लायनर गळ्यात मारले असते तर त्यांचाच फायदा होता आणि मला काही कळलं पण नसतं, पण त्यांनी तसं केलं नाही, तेव्हापासून गाडी दुसरीकडं दिलेली नाही.

ब्रेकबद्दल अजून एक, एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) सक्तीचं झालं आणि १२५पर्यंतच्यांना निदान सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी सिस्टीम) तरी लागू झालं, पण या रोडवर नजर टाका, शंभर-एकशेदहाच्या गाड्याच जास्त आणि त्यातल्या निम्म्या २०१९च्या आधीच्या. म्हणजे तुम्हाला वाचवायला इलेक्ट्रॉनिक काही नाही, लायनर, टायर आणि तुमचा हात एवढंच आहे. ओढ्याच्या पाण्यातनं गाडी काढली की पुढं थोडं अंतर ब्रेक हलकासा दाबून धरत चालवायचं, लायनर कोरडे होतात, हे तात्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात आणि पोरगं नवीन शिकलेलं असलं तर दोनदा सांगतात.

टायरच्या बाबतीत माणूस एकदम कडक आहे. आपल्याकडं बऱ्याच जणांचा समज की पावसात हवा कमी ठेवली की ग्रिप वाढते. तात्या म्हणतात कंपनीनं सांगितलीय तेवढीच ठेवा, हवा कमी झाली की टायर दबतो, नक्षीच्या खाचा मिटतात आणि पाणी बाहेर पडायला जागाच राहत नाही, मग टायर पाण्यावर तरंगतो. टायरच्या खाचेत टीडब्ल्यूआयची, म्हणजे टायर किती झिजला ते दाखवणारी, छोटी उंचवट्याची खूण असते, रबर झिजून त्या खुणेला टेकलं की टायर संपला. ते ही खूण बोटानं चाचपायला लावतात, स्वतः बघा म्हणतात, म्हणजे कुणी फसवतंय असं वाटायला नको.

चेनला गाडीतलं जुनं जळकं ऑइल मारू देत नाहीत, ते अंगावर उडतं आणि माती धरून ठेवतं. डिझेलच्या फडक्यानं पुसून नव्वद नंबरचं गिअर ऑइल मारायचं, पावसाळ्यात जरा लवकर लवकर, बास.

आता रोडचं. जुलैत भातलावणी सुरू झाली की चिखलणीचे ट्रॅक्टर केज व्हीलसकट (चिखलात चालायची लोखंडी जाळीची चाकं) खाचरातनं बाहेर येतात आणि लाल चिखल थेट डांबरावर. मुसळधार पाऊस असला तर तो चिखल वाहून तरी जातो, खरा धोका भुरभुर पावसात, चिखलाचा पातळ थर बसतो, वरनं रोड नुसता ओला दिसतो आणि वळणावर मागचं चाक कधी सटकलं कळत नाही. पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक मारायचा नाही हे तर सगळ्यांना माहीत पाहिजेच. पुढं केळघर घाटात धुकं, म्हशी, दरडीचे सुटे दगड, सगळं एकदम.

आणि इथंच या गॅरेजचं खरं मोल आहे, निदान माझ्यासाठी तरी. शेडमध्ये एक लांब बाकडं आहे, पाऊस वाढला की त्याच्यावर दूधवाले, कुरिअरवाले, शिक्षक, आशाताई, आमच्यासारखे ऑफिसवाले असे सगळे टेकतात आणि रोडची खबर मिळते. पहाटे वरनं कॅन घेऊन उतरणारे दूधवाले म्हणजे तर या रोडचं वर्तमानपत्रच, कुठं झाड पडलंय, कुठल्या मोरीवरनं पाणी चाललंय, कुठं साईडपट्टी खचलीय, त्यांना सगळ्यांच्या आधी ठाऊक. व्हायझरला आतनं शाम्पूचा थेंब चोळून कोरड्या फडक्यानं पुसला की वाफ धरत नाही हे मला अशाच एका दूधवाल्या काकांनी सांगितलं, आणि खरंच काम करतं, काही तास तरी. समोरनं येणारा हात खाली करून थोपटल्यासारखा हलवत गेला की पुढं काहीतरी आहे, स्पीड कमी करा, हे पण इथलं ठरलेलं, पुढच्यानं मागच्याला सांगायचंच.

गेल्या पावसाळ्यातलं सांगतो. बाहेरगावची दोन पोरं महाबळेश्वरला निघालेली, भारी जॅकेट, भारी गाडी, मागचा टायर पंक्चर. तात्यांनी पंक्चर काढलं पण लाईट गेलेली, कॉम्प्रेसर बंद. मग कोपऱ्यातला पायपंप बाहेर निघाला आणि बाकड्यावरचे आम्ही सगळे पाळीपाळीनं पंप मारत बसलो, त्या पोरांना आधी लाजल्यासारखं झालं, मग ती पण लागली. तोवर अंधारून आलं, वर धुकं असणार हे दिसतच होतं. वरच्या गावचा एक दूधवाला मोकळे कॅन घेऊन परत निघालेला, तात्या त्याला म्हणाले, पोरांना घेऊन जा रं संगं. तो पुढं, पोरं त्याच्या लाल लाईटवर नजर ठेवून मागं, अपर (हेडलाईटचा वरचा झोत) मारायचा नाही कारण धुक्यात अपरनं उलट समोर पांढरी भिंत उभी राहते, हेडलाईट डिपरवर, स्पीड त्याचा. वर पोचल्यावर पोरांनी तात्यांना फोन केला, आणि तो फोन येईपर्यंत तात्यांनी शटर ओढलं नव्हतं.

अर्धा स्टार कापला तो वेळेसाठी. माणूस एकटा, हाताखालचा पोरगा कधी असतो कधी नसतो, साधं काम असलं तरी दोन तास धरूनच जा. ट्यूबलेस टायर स्टॉकला नसतात, साताऱ्यावरनं मागवावे लागतात, एक दिवस जातो. इंजेक्शनवाल्या नव्या गाड्यांचं सेन्सर-बिन्सरचं काम ते घेत नाहीत, सरळ सांगतात की मला येत नाही, शोरूमला न्या. मला हे उलट आवडतं, पण तुमची गाडी तसली असेल तर हेलपाटा नको म्हणून सांगतोय.

पैसे शक्यतो रोख न्या, पावसात रेंज जाते आणि स्कॅनर नुसता गोल गोल फिरत बसतो. मजुरी आधी विचारली तर आधी सांगतात, नंतर वाढवत नाहीत, बदललेला जुना पार्ट पण पिशवीत घालून हातात देतात. सकाळी नऊच्या आत गाडी लावली तर दुपारपर्यंत मिळते. आणि मे महिन्यातच जाऊन या, पहिला पाऊस पडला की बाहेर टाकीपर्यंत गाड्यांची लाईन लागते.