साहित्यावरच्या निबंधाचं मुख्य विधान: नॉर्थ कॅरोलायनाच्या मोफत हँडआउटचं परीक्षण

लेखकाचा परिचय, कथानक, पात्रं, भाषाशैली, समारोप. हा साचा भरला की एम.ए.चा निबंध सहज दहा पानांचा होतो, पण वाचून झाल्यावर तो नेमकं काय म्हणतो ते सांगता येत नाही. मुख्य विधानाचीच, म्हणजे निबंध जो दावा सिद्ध करू पाहतो त्याचीच, बोंब असते. विधान कसं घडवायचं हे शिकवणारं मराठीत सहज हाताशी लागत नाही, त्यामुळे इंग्रजीवाले आणि मराठीवाले दोघंही शेवटी अमेरिकन विद्यापीठांच्या रायटिंग सेंटरांच्या (विद्यार्थ्यांना लेखनात मदत करणाऱ्या केंद्रांच्या) पानांवर पोचतात. त्यांपैकी चॅपल हिलच्या युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनाचं ‘थीसिस स्टेटमेंट्स’ हे हँडआउट सगळ्यांत कामाचं आहे. मात्र त्यात एक खड्डा आहे, आणि तो नेमका साहित्याच्या उदाहरणातच आहे.

पान मोफत आहे, लॉगिन लागत नाही, अर्ध्या तासात वाचून होतं. सुरुवातीची व्याख्या ठीकठाक. विधान प्रश्नाला थेट उत्तर देतं, ज्यावर वाद होऊ शकेल असा दावा करतं, आणि बहुधा पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी येतं. खरा माल पुढे आहे. स्वतःचं विधान तपासायला सहा प्रश्न दिलेत: विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं का, कुणी हरकत घेऊ शकेल का, विधान पुरेसं नेमकं आहे का, ‘मग काय?’ या प्रश्नाला टिकतं का, निबंध न भरकटता त्यालाच आधार देतो का, आणि ‘कसं व का?’ याचं उत्तर त्यात आहे का.

यातला ‘मग काय?’ सगळ्यांत जास्त विधानं पाडतो. ‘या कवितेत निसर्गप्रतिमा आहेत’ यावर ‘मग काय?’ विचारलं की विद्यार्थी गप्प होतो. ‘कसं व का?’ मात्र विधान दुरुस्त करायला उपयोगी पडतो. ‘कवी निसर्गातून एकाकीपण मांडतो’ इथे ‘कसं?’ विचारलं की प्रतिमा कुठे येतात, कुठे अचानक थांबतात, क्रियापदाचा काळ कधी बदलतो, असं संहितेत परत जावंच लागतं. पहिला प्रश्नही किरकोळ समजू नये. ‘चर्चा करा’ आणि ‘तुलना करा’ यांना एकच विधान चालत नाही. तुलनेच्या प्रश्नात दोन्ही बाजू एकाच वाक्यात एकमेकींना भिडायला हव्यात. हँडआउटमधलं अमेरिकन यादवी युद्धाचं उदाहरण हे नीट दाखवतं. ‘युद्धाची अनेक कारणं होती, काही सारखी, काही वेगळी’ इथून सुरुवात होते आणि शेवटी दोन्ही पक्ष जुलमाविरुद्धच लढतोय असं मानत होते, पण ‘जुलूम’ म्हणजे काय याबद्दल त्यांचं मत वेगळं होतं, या टोकदार विधानापर्यंत मजकूर पोचतो.

साहित्याचं उदाहरण मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’चं. पहिली पायरी: ही थोर अमेरिकन कादंबरी आहे. दुसरी: ट्वेन नदीवरचं आणि काठावरचं आयुष्य परस्परविरोधात उभं करतो. तिसरी: या विरोधातून कादंबरी सुचवते की अमेरिकन लोकशाहीच्या आदर्शांचं खरं रूप पाहायचं तर ‘सुसंस्कृत’ समाज सोडून निसर्गाकडे परतावं लागतं. चढण छान दिसते. पहिली कौतुकाची, दुसरी निरीक्षणाची, तिसरी अर्थाची. वर्गात फळ्यावर लिहायला याहून सोपं उदाहरण मिळणं कठीण.

पण तिसऱ्या पायरीला हँडआउटचाच दुसरा प्रश्न (कुणी हरकत घेऊ शकेल का) लावला की ती डगमगते. हक आणि गुलामगिरीतून पळालेला जिम तराफ्यावरून निघालेत; धुक्यात तो तराफा केरोच्या, म्हणजे जिथून मुक्त राज्यांकडे वळायचं होतं त्या गावाच्या, पुढे निघून जातो, आणि त्यानंतर तीच नदी जिमला गुलामगिरीच्या प्रदेशात आणखी खोल, दक्षिणेकडे नेत राहते. ‘राजा’ आणि ‘ड्यूक’ हे दोन लफंगे तराफ्यावरच येऊन बसतात. म्हणजे काठावरचं ढोंग नदीवर पोचतंच. हे पुरावे विधान मोडतात असं नाही, पण ते गृहीत धरून विधान वाकवावं लागतं: तराफ्यावरचं स्वातंत्र्य खरं आहे, पण तात्पुरतं आणि गळकं, नदी जिमला मोकळं करत नाही, फक्त माणूस म्हणून दिसू देते. असं वाकवलेलं विधान लहान होतं आणि मजबूतही होतं. हँडआउट हे वाकवणं दाखवत नाही. नवशिक्यांना त्यातून चुकीचा धडा मिळतो की शेवटच्या पायरीवर देश, लोकशाही, मानवजात असे मोठे शब्द यायलाच हवेत. ‘ही कादंबरी मानवी अस्तित्वाची शोकांतिका मांडते’ छापाची वाक्यं या गैरसमजातूनच येतात.

दुसरी उणीव पद्धतीची आहे. विधान तयार झाल्यावर ते कसं तपासायचं हे हँडआउट उत्तम सांगतं. ते संहितेतून बाहेर कसं काढायचं, यावर दोन-तीन वाक्यांत उरकतं. तो भाग वाचकाला स्वतः भरावा लागतो. चालणारा क्रम असा. आधी संहितेतले आठ-दहा उतारे निवडायचे; ‘महत्त्वाचे’ निवडायचे नाहीत, खटकणारे निवडायचे: जिथे निवेदक अचानक गप्प होतो, एखादी गोष्ट दोनदा येते, किंवा शेवट सुरुवातीशी जुळत नाही. प्रत्येकापुढे एक ओळ, काय खटकतं एवढीच. मग त्यांतले असे दोन शोधायचे जे एकमेकांना छेद देतात. विधान त्या दोघांच्या मधल्या जागेत असतं. वाक्याचा सांगाडा ‘जरी... तरी... कारण...’ असा ठेवला की निरीक्षण, त्याला विरोध आणि रचनेतलं कारण हे तिन्ही भाग बसतात. मराठीत पंचवीस ते चाळीस शब्द पुरतात. त्याहून लांब झालं तर बहुधा एकाच वाक्यात दोन विधानं कोंबलेली असतात.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर (1955) हे लावून पाहा. ‘बनगरवाडी ही ग्रामीण जीवनाचं वास्तव चित्रण करणारी कादंबरी आहे’ या वाक्याला हरकत घेणारा माणूस सापडणार नाही, म्हणून ते निकामी. ‘मास्तर आणि गाव यांचं नातं हळूहळू घट्ट होतं’ हे निरीक्षण आहे, आणि निरीक्षणावर निबंध उभा राहत नाही. आता खटकणारे उतारे घ्या. मास्तर गावाला शिकवायला येतो, गावकऱ्यांना हाताशी धरून तालीम उभी करतो, औंधच्या राजाच्या हस्ते तिचं उद्घाटन होतं. इथे सुधारणेची गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटते. आणि नंतर दुष्काळ पडतो, गाव रिकामं होतं. तालीम असली काय, नसली काय. इथून विधान निघतं: जरी ‘बनगरवाडी’ मास्तरच्या सुधारणेची गोष्ट म्हणून पुढे सरकते, तरी तालमीच्या यशानंतर दुष्काळ ठेवून ती सुधारणेला कमी लेखत नाही, तिची मर्यादा मोजते, कारण निवेदक असलेला मास्तरच शेवटी गावाकडून शिकणारा ठरतो.

याला हरकत घेता येते का? येते. तालीम गावाने मिळून बांधली, ते एकत्र येणं दुष्काळानेही पुसलं जात नाही, असं कोणी म्हणेल. ती हरकत निबंधाच्या तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात स्वतःच मांडायची आणि तिला उत्तर द्यायचं. हजार-दीड हजार शब्दांच्या निबंधाला पुराव्याचे तीन परिच्छेद आणि हरकतीचा एक, एवढं पुरतं. प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ विधानाचा एखादा भाग पुढे नेणारी हवी. ‘आता आपण पात्रचित्रण पाहू’ अशी सुरुवात दिसली की निबंध पुन्हा साच्यात गेला म्हणून समजा.

हेच काम अमेरिकेतल्याच पर्ड्यू विद्यापीठाच्या आउलवर (ऑनलाइन रायटिंग लॅबवर) करून पाहिलं तर निराशा पदरी पडते. 1994 पासून ऑनलाइन असलेलं हे संकेतस्थळ जुनं आणि नावाजलेलं आहे, पण त्याच्या विधानाच्या पानावर विश्लेषण, माहिती आणि युक्तिवाद असे तीन प्रकार पाडून दिलेली उदाहरणं कॉलेज प्रवेश, विद्यार्थ्याचं दैनंदिन आयुष्य आणि समाजसेवा यांची आहेत. कथा-कविता शून्य. आउलचा उपयोग संदर्भ देण्याच्या एमएलए पद्धतीसाठी. तिथे मात्र ते अव्वल.

नॉर्थ कॅरोलायनाला पाचपैकी चार. एक गुण हकलबरीच्या तिसऱ्या पायरीसाठी कापला. बी.ए.च्या विद्यार्थ्याने आधी सहा प्रश्न वाचावेत आणि उदाहरण नंतर, उलटं नको. एम.ए.वाल्यांनी त्याच संकेतस्थळावरची कथा-कादंबरी आणि कविता-विवरण यांवरची हँडआउटं सोबत उघडावीत. उतारे निवडण्याची जी उणीव वर सांगितली ती तिथे थोडी भरून निघते. शिक्षकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट: परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे, पण बिगरव्यावसायिक आणि बदल न करण्याच्या अटीवर. म्हणजे प्रिंट काढून वर्गात फुकट वाटता येतं, मराठी भाषांतर करून वाटायचं असेल तर सेंटरची परवानगी घ्यावी लागते.