सतरा मजले उतरणारी लिफ्ट: रॉयल लंडन हॉस्पिटलचं हेलिपॅड

हेलिकॉप्टरने वाचवलेली मिनिटं बहुतेकदा उतरल्यानंतरच वाया जातात. म्हणून हॉस्पिटलचं हेलिपॅड जोखताना आधी एकच मोजावं: पंख्याखालून उपचारांच्या खाटेपर्यंत रुग्णाला किती वेळा उचलावं लागतं?

पूर्व लंडनमधल्या व्हाइटचॅपलचं रॉयल लंडन इथे सरस ठरतं. हेलिपॅड 17व्या मजल्यावर, आणि तिथून थेट तळमजल्यावरच्या आपत्कालीन विभागात नेणारी लिफ्ट. लंडन एअर अँब्युलन्सची एच135 हेलिकॉप्टरं मागून उघडतात, त्यामुळे स्ट्रेचर सरळ बाहेर येतं. शेपटीचा पंखाही आवरणात आहे. तरी वैमानिकाची खूण मिळाल्याशिवाय कुणी जवळ जायचं नसतं. वर अग्निशमन पथक असतं.

मुंबईत रुग्ण जुहूला किंवा महालक्ष्मी रेसकोर्सवर उतरला, तर पुढे रस्त्यावरची रुग्णवाहिका लागतेच. म्हणजे एकदा चढवणं आणि एकदा उतरवणं जास्तीचं, शिवाय वाहतूक कोंडी वेगळी.

उचलणं मोजायचं कारण सरळ आहे. दर वेळी श्वासनलिकेतली नळी सरकू शकते, सलाईन ओढली जाऊन सुई निघते, ओटीपोटाच्या मोडलेल्या हाडांतून थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू होतो. म्हणून हलवताना डोक्याकडचा माणूसच आकडे मोजतो, व्हेंटिलेटरची नळी क्षणभर सोडवतात, आणि जोडल्याबरोबर आधी उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख बघतात. आलेख सपाट झाला, तर बाकी सगळं थांबवून नळी तपासायची. मधोमध उघडणारं स्कूप स्ट्रेचर वापरलं की रुग्णाला कुशीवर फार वळवावं लागत नाही. पांघरूण मात्र पट्ट्यांखाली घट्ट खोचलेलंच हवं, पंख्याच्या वाऱ्यात सुटी चादर उडून पंख्यात जाऊ शकते.

खाली आपत्कालीन विभागातल्या पथकाने रुग्णाला हात लावण्याआधी अर्धा-एक मिनिट शांत उभं राहून, रुग्णाला आणणाऱ्यांचं ऐकायचं असतं: वय, दुखापतीची वेळ, ती कशी झाली, कुठे लागलं, नाडी-रक्तदाब, दिलेले उपचार. हृदय बंद असेल किंवा श्वासमार्ग अडला असेल, तरच हा क्रम मोडायचा. ही शिस्त महागड्या यंत्रांपेक्षा मोलाची आहे, आणि तिला खर्च काहीच नाही.

मर्यादाही आहेत. हेलिकॉप्टर दिवसाच उडतं. रात्री पथक गाडीने निघतं. आणि लंडनमध्ये हेलिकॉप्टर मुख्यतः डॉक्टर आणि पॅरामेडिकला घटनास्थळी पोचवतं, बहुतेक रुग्ण डॉक्टरसोबत रस्त्यानेच येतात. छतावरच्या हेलिपॅडचा खर्च काढताना हे विसरू नये.

आपल्याकडे कुणी असं हेलिपॅड बांधणार असेल, तर हेलिकॉप्टर टेकण्यापूर्वी लिफ्ट वर रोखून धरायची सोय आणि जनरेटरची जोडणी आधी तपासा. ट्रॉलीवर हाताने दाबायची श्वासपिशवी हवीच. ऑक्सिजनचा 460 लिटरचा सिलिंडर मिनिटाला 15 लिटरने जेमतेम अर्धा तास पुरतो, तेव्हा लिफ्ट अडकण्याचा हिशेब धरून दुसरा भरलेला सिलिंडर सोबतच ठेवा.